साहेबाची चूल

आलापल्लीच्या ज्या घरात माझे शिकण्याचे वय गेले, त्या घराच्या बैठकीत भिंतीच्या पोटात एक चूल होती. तिच्यावर कधी काही शिजले नाही. कोण्या इंग्रज जंगल-अधिकाऱ्याने आपल्या मुलखातल्या थंडीची आठवण म्हणून ती बांधून घेतली असावी. काळ्या दगडाची चौकट, आत माणूस ओणवा होऊन शिरेल एवढा कोनाडा आणि तिथून सरळ कौलांच्या वर निघालेले धुराडे. साहेब गेला, बंगल्याच्या मधोमध विटांची भिंत घालून दोन कुटुंबांसाठी दोन क्वार्टर झाले आणि वाटणीत ही चूल आमच्याकडे आली. सारी वसाहत तिला ‘साहेबाची चूल’ म्हणे. आईने तिचे कपाट केले होते. खाली तांदळाचे पिंप, वर फळी टाकून माझी पुस्तके. त्यामुळे माझ्या पुस्तकांना काजळीचा आणि नव्या तांदळाचा असा एक मिसळलेला वास येई. पुढे मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात उभी हयात काढली, परंतु तसा वास पुन्हा कुठल्या पुस्तकाला आला नाही.

बाबा वनखात्यात आरेखक होते. जंगलाचे नकाशे काढणे हे त्यांचे काम. त्यांचे अक्षर छापल्यासारखे असे. घरातल्या डाळीच्या डब्यावर ‘लाखोळी’ असे लिहायचे झाले तरी ते आधी पेन्सिलीने दोन रेघा आखून घेत. मागच्या अंगाला लाकडांचा डेपो होता. तिथे सागाच्या ओंडक्यांवर शिक्क्याचा हातोडा मारला जाई, त्याचा ठक्, ठक् असा आवाज दिवसभर येत राही, आणि हिवाळ्यात धुके उतरले की तो आवाज कुठून येतो तेच कळेनासे होई. कधी वाटे, खूप दूर नदीपलीकडून येतो आहे. कधी वाटे, शेजारच्या खोलीत कोणीतरी हलकेच दार वाजवते आहे. त्या दिवसांत आई सकाळी पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा मीठ घालून उकडी आणि आम्ही अंगणात ऊन शोधत, पाट सरकवत सरकवत त्या खात असू. उन्हाचा तुकडा अंगणभर फिरे आणि आमचे पाट त्याच्या मागे फिरत.

मी फारशी बोलत नसे. हा काही गुण नव्हता. उत्तर येत असूनही शाळेत माझा हात वर होत नसे, आणि घरी कोणी मोठ्याने विचारले की माझा आवाज घशातच बसे. त्या वर्षी मी चंद्रपूरच्या महाविद्यालयात विज्ञानाच्या पहिल्या वर्गात होते आणि सुटीसाठी घरी आले होते. पुस्तकातले पुष्कळ कळत होते. ते कोणाला तोंडाने सांगावे लागेल, अशी कल्पना मात्र कधी मनाला शिवली नव्हती.

त्याच हिवाळ्यात ताई पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. सरकारी दवाखान्यात तिला मुलगी झाली आणि तिसऱ्या दिवशी बाळ-बाळंतीण घरी आली. त्यांच्यामागोमाग मूल तालुक्यातल्या गावाहून आत्याबाई आल्या. बाबांची ही थोरली बहीण; बाबा तिला ‘बाई’ म्हणत, ती त्यांना ‘बाबू’ म्हणे, आणि तिच्यापुढे ते आवाज खाली ठेवत. उंच, हाडापेराने मोठी, नऊवारी घट्ट कसलेली. त्यांनी आल्या आल्या उंबऱ्यातूनच खोली पाहिली आणि आईला म्हणाल्या, “या वावरात ठेवली का व पोरीले? इथी तं बैल बांधा दोन!”

बैठकीची खोली खरोखरच मोठी आणि उंच होती, पण दुसरी अधिक कोरडी खोली घरात नव्हती. मग आत्याबाईंनी चुलीतले तांदळाचे पिंप काढायला लावले, माझी पुस्तके पलंगाखाली गेली, आणि कित्येक वर्षांनी साहेबाच्या चुलीत लाकूड पेटले. दोन दिवसांत ताईचे डोळे पळसाच्या फुलासारखे लाल झाले. धूर वर जाण्याऐवजी खोलीत येई. धुराड्यात पाखरांच्या कित्येक पिढ्यांची घरटी साठलेली होती. बाळ खोकू लागले. एवढ्याशा छातीतून येणारा तो खोकला ऐकून बाबा रात्रभर येरझारा घालत.

आमच्याकडे नुकताच गॅस आला होता. नंबर लावून कितीतरी दिवस झाल्यावर चंद्रपूरहून खात्याच्या ट्रकमध्ये, ताडपत्रीखाली दोन सिलिंडर आले होते, आणि वसाहतीतल्या बायका निळी ज्योत पाहायला येऊन गेल्या होत्या. त्याच सुमारास विश्रामगृहाच्या स्वयंपाकघरात गॅस बसवायला बल्लारपूरहून मल्लय्या नावाचा एक फिटर आलेला होता. बाबांनी त्याला घरी आणले, चूल दाखवली आणि अतिशय संकोचाने विचारले, की हिच्यात गॅस बसेल काय.

मल्लय्या चुलीत डोके घालून बराच वेळ वर पाहत राहिला. बाहेर आला तेव्हा त्याच्या केसांत काडीकचरा होता. “बसते बाबूजी,” तो म्हणाला. “पण मी सांगन तसंच करा लागन. नाई तं मी हात नाई लावत. गॅस म्हनजे पाळलेला जनावर नाई.”

पुढचे दोन दिवस मी त्याचे काम पाहत बसले; इतक्या शांतपणे काम करणारा माणूस मी त्यापूर्वी पाहिला नव्हता. आधी त्याने लांब बांबूला काटेरी फांदी बांधून धुराडे साफ केले. पोतेभर घरटी निघाली. त्यांत पिसे, सुतळी आणि कोणाची तरी हिरवी काचेची बांगडीही होती. मग वर आकाशाचा एक चौकोनी तुकडा दिसू लागला. सिलिंडर त्याने घरात ठेवू दिला नाही. मागच्या व्हरांड्यात, खालून हवा खेळेल अशा फळ्यांच्या पेटीत तो उभा ठेवला. गॅस हवेपेक्षा जड असतो, सुटला तर तळाशी बसतो, म्हणून पेटीला तळाशी फटी. तिथून तांब्याची नळी भिंतीतून आणून चुलीजवळ पितळी तोटी बसवली आणि कोनाड्यात लोखंडी बर्नर. सगळे जोडून झाल्यावर त्याने वाटीत साबणाचा फेस केला, प्रत्येक सांध्यावर बोटाने लावला आणि मला म्हणाला, “पोरी, तुहे डोळे बारीक आहेत. फुगा येते का पाहय.” मी श्वास रोखून पाहत होते. एका सांध्यावर टाचणीच्या डोक्याएवढा एक बुडबुडा उठला, इंद्रधनुष्य धरून थरथरला आणि फुटला. मी बोट दाखवले. मल्लय्याने तो सांधा पुन्हा आवळला, पुन्हा फेस लावला आणि माझ्याकडे पाहून मान डोलावली. त्या मान डोलावण्याचा आनंद मला पुढे कितीतरी दिवस पुरला.

जाण्यापूर्वी त्याने बाबांना समोर बसवून एकेक गोष्ट सांगितली. मी दाराआड उभी राहून ऐकत होते. “वास येते, तो कच्चा गॅस. त्याले भेऊ नका, तोटी बंद करा, दार उघडा, काडी पेटवू नका. पण बाबूजी, जळल्यावर जे हवा खराब होते ना, तिले वास नाई. ते माणसाले झोप लावते. गोड झोप लावते. म्हनून धुराडा खुला पायजे आणि खिडकी थोडीशी खुली पायजे. ज्योत निळी हाय तोवर सब ठीक. पिवळी झाली, लंबी झाली, का समजा हवा संपली.”

बाबांनी ते सारे नकाशाच्या जाड कागदावर उतरवले. काळ्या शाईत सहा नियम, वर तांबड्या शाईत शीर्षक, भोवती दुहेरी चौकट. कागद चुलीच्या शेजारी भिंतीवर चिकटवला. इतका देखणा कागद होता तो, की पाहणारा अक्षरच पाहत राही. त्यातले म्हणणे वाचायचे राहून जाई.

आत्याबाईंना वाचता येत नव्हते. बाबा मला म्हणाले, “यशो, बाईले सगळं नीट वाचून दाखव. एकेक.”

मी कागदापुढे उभी राहिले. आत्याबाई बाजेशेजारी बसून ताईच्या पायांना तेल लावत होत्या. मी पहिला नियम वाचला, पुटपुटल्यासारखा. “जोरानं बोल व, तोंडात का मोहफूल धरून बोलून राह्यली?” त्या म्हणाल्या, आणि ताई हसली. दुसरा वाचला. तिसरा नियम असा होता : धुराडे व खिडकीची वरची झडप कोणत्याही कारणाने बंद करू नये. मी ‘धुराडे’ हा शब्द उच्चारण्याच्या बेतात होते, तेवढ्यात आत्याबाई आईकडे वळून म्हणाल्या, “अन् ते खिडकी पाह्यली का? बाबूनं उघडीच ठेवली. बाळंतिणीच्या खोलीत खिडकी! शिकून शिकून डोक्शाचं भुसकट झालं याचं.”

मी चौथा नियम वाचला. मग पाचवा, मग सहावा. तिसरा मी वाचला नाही. तो वाचला तर त्या काय म्हणतील, कोणत्या आवाजात म्हणतील, हे मला आधीच ऐकू आले होते. कोणाच्या ध्यानात काही आले नाही. “झालं?” आत्याबाईंनी विचारले. “झालं,” मी म्हणाले. या एका शब्दाविषयी लिहावे की न लिहावे, याचा विचार मी बरीच वर्षे करत आले आहे.

चूल मात्र फार सुंदर जळत असे. बर्नरच्या गोल कडेवर निळ्या ज्योतींची माळ उभी राही, निळ्या फुलांवर आलेल्या जवसाच्या शेतात उभे राहिल्यासारखे वाटे. काळा दगड हळूहळू तापे आणि मग तास तास ऊब सोडी. सुंठीचा वास, ओव्याचा वास, डिंकाच्या लाडवांसाठी आई तुपात डिंक तळी त्याचा वास. बाळाचा खोकला थांबला. ताईच्या चेहऱ्यावर तेज आले. संध्याकाळी वंदना म्हणताना आम्ही सारे त्या चुलीभोवती बसत असू, आणि बुद्धाच्या लहानशा मूर्तीवर तो निळा उजेड पडे. माझ्या आयुष्यातले सुख कुठे आहे, असे कोणी विचारले तर मी डोळे मिटून त्या खोलीचा पत्ता सांगेन.

पुढच्या आठवड्यात बाबा मोजणीच्या तुकडीबरोबर भामरागडच्या बाजूला दौऱ्यावर गेले. दुसऱ्याच दिवशी आभाळ भरले. पौषातले ते आभाळ, पाऊस नाही, पण कापसाच्या ओल्या गादीसारखे झाडांच्या शेंड्यांवर टेकलेले. वारा सुटला आणि धुराड्यातून खाली हूं हूं असा आवाज येऊ लागला. आत्याबाईंनी आधी खिडकीची झडप लावून तिच्या फटींत चिंध्या कोंबल्या. मग धुराड्याच्या तोंडाकडे पाहिले. “हवा पाय कशी उतरून राह्यली सरसर. लेकराले लागली तं?” त्यांनी वसाहतीतल्या एका गोठ्यातून तणीस, म्हणजे भाताचा पेंढा, मागवली, पोत्यात भरली, स्टुलावर चढल्या आणि मला म्हणाल्या, “धर व स्टूल. अन् ते पोतं दे वर.”

मी स्टूल धरले. पोते वर दिले. कागद माझ्या खांद्याजवळ भिंतीवर होता. मला आठवते, मी त्याच्याकडे पाठ केली.

दुपारी जेवण झाल्यावर आई आठवडी बाजाराला गेली. वांग्याची भाजी आणि तांदळाच्या भाकरी खाऊन आम्ही सुस्तावलो होतो. आत्याबाईंनी चूल पेटवली आणि बाहेरच्या दाराला गोधडी लावली. ताई बाजेवर, कुशीत बाळ. आत्याबाई भिंतीला टेकून सुपारी कातरत. मी चुलीसमोर सतरंजीवर, मांडीवर पुस्तक. वारा आता ऐकू येत नव्हता. डेपोतला हातोडाही दूर गेला. खोली अशी मऊ झाली होती, की भिंतींनाही बोट लावले तर खड्डा पडेल.

त्या दुपारविषयी लिहिताना मला अजून लाज वाटते, कारण ती मला फार गोड वाटली होती. पुस्तकातली अक्षरे हलके हलके पाण्यात उतरल्यासारखी तळाशी जाऊ लागली. मला दिसले, की मी सागाच्या रानात आहे. मोठाली पाने एकेक करून, घाई न करता गळत आहेत आणि जमिनीवर पडताना त्यांचा आवाज होत नाही. नदीवर कोणी डोंगा वल्हवत आहे. डोंग्यातल्या बाईचा चेहरा आईसारखा आहे, पण ती माझ्याकडे न पाहता जाते. मला हाक मारायची आहे. हाक मारण्याची काही घाई नाही. मध्येच ताईचा आवाज आला, “डोकं जड झालं व माहं. भलतंच जड.” आत्याबाई कुठूनशा म्हणाल्या, “निज. बाळंतिणीनं निजावंच.” मग अडकित्त्याचा आवाज थांबला.

माझ्या कपाळात काहीतरी ठोकत होते. मी डोळे उघडले आणि चुलीत पाहिले. ज्योती उंच झाल्या होत्या. त्या पिवळ्या होत्या, केशरी टोकांच्या, आळसटलेल्या, वाऱ्याने डोलणाऱ्या मोहरीच्या फुलांसारख्या. किती सुंदर, असे मला वाटले. मी बराच वेळ तेच वाटून घेत राहिले. दगडाच्या चौकटीवर काजळी धरली होती. मग माझी नजर सरकत सरकत भिंतीवरच्या कागदावर गेली आणि बाबांचे ते आखीव अक्षर मला दिसले. पहिल्यांदा मला फक्त अक्षर दिसले. त्यानंतर त्याचा अर्थ आला, फार दूरवरून, पायी चालत आल्यासारखा : ज्योत पिवळी दिसल्यास तोटी तत्काळ बंद करावी व सर्वांनी बाहेर जावे.

मी बाळाकडे पाहिले. त्याची दूध पिण्याची वेळ टळून गेली होती आणि ते रडले नव्हते. गाल गुलाबी, अगदी चित्रातल्यासारखे. मी ‘ताई’ म्हणाले. ओठ हलले, आवाज निघाला नाही. उभी राहायला गेले तर गुडघे दुमडले. मी रांगत तोटीपर्यंत गेले. पितळेचा तो कान फिरवताना माझ्या बोटांत बळ नव्हते. दोन्ही हातांनी फिरवला. ज्योती विझल्या. रांगतच बाजेकडे आले, ताईच्या हाताखालून बाळाला ओढून घेतले, आणि गोधडीसकट दार ढकलून बाहेर व्हरांड्यात पडले.

थंड हवा तोंडावर आली ती चाबकासारखी. मागून आत्याबाईंचा जड, झोपेतला आवाज आला. “कोण हाय? पोरी, लेकरू कुठी नेलं? बह्याड झाली का! हवा लागन त्याले, मरन ते!”

“बाहेर या!” मी ओरडले.

तो आवाज माझा आहे हे मला कळायला क्षणभर वेळ लागला. “बाहेर या! ताई, ऊठ! आत्याबाई, तिले उठवा! आत नोका राहू! बाहेर या सगळे!” मी ओरडतच राहिले. थांबले तर पुन्हा कधी सुरू करता येणार नाही, अशी मला भीती वाटत होती.

शेजारच्या क्वार्टरमधली बाई धावत आली. तिने आणि आत्याबाईंनी ताईला दोन्ही बाजूंनी धरून आणले. पायरीवर बसताच ताईला ओकारी झाली. आत्याबाई खांबाला धरून उभ्या होत्या, त्यांचाही तोल जात होता, तरी एका हाताने त्या माझ्याकडून बाळ मागत होत्या. मी दिले नाही. मी ते उघड्या वाऱ्यात धरून बसले होते, त्याचे कुंची-दुपटे सोडून, साऱ्या वडीलधाऱ्यांच्या शिकवणीच्या विरुद्ध. त्याचा श्वास चालू होता, पण तेवढेच. हातपाय माझ्या हातांतून ओघळत होते. मी त्याच्या तळपायांना चोळत होते आणि माझ्या मनात एकच वाक्य फिरत होते, की मी तिसरा नियम वाचला नाही.

किती वेळ गेला ते सांगता येत नाही. बाळाने नाक आखडले. मग तोंड वाकडे केले, जणू जगातली पहिली कडू गोष्ट चाखली, आणि ते रडले. आधी मांजरीच्या पिलासारखे, मग छाती भरून. आत्याबाई मटकन खाली बसल्या.

आई बाजारातून आली तेव्हा आम्ही सगळ्या ओट्यावर बसलेल्या, चादरी पांघरून, आणि घराची सारी दारे सताड उघडी. सरकारी दवाखान्याचे डॉक्टर येऊन ताईला आणि बाळाला तपासून गेले. आणखी थोडा वेळ गेला असता तर, एवढे बोलून त्यांनी वाक्य सोडून दिले. धुराडे बंद केल्याचे कळताच आई उठली. ती आत गेली, स्टुलावर चढली आणि धुराड्यातले पोते ओढून काढले. तणीस साऱ्या खोलीभर पसरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडले. ताई बाजेवर बाळाला पाजत होती. आत्याबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. त्यांचा चेहरा रात्रीतून उतरला होता. कितीतरी वेळ त्या भिंतीवरच्या कागदाकडे पाहत होत्या.

“याच्यात लिहून होतं का?” त्यांनी विचारले. “धुराड्याचं?”

“होतं.”

“तू वाचलं तवा तं नोतं.”

“मी नाई वाचलं,” मी म्हणाले. “तेवढं सोडलं.”

“काऊन?”

मला खोटे सांगता आले असते. “तुमी रागवाल म्हणून. भ्याली होती मी.”

मला वाटले, आता त्यांचा आवाज चढेल. त्यांनी माझा हात घेतला आणि स्वतःच्या मांडीवर ठेवला. “मले सारेच भेतात,” त्या हळूच म्हणाल्या. “मी भेत होती वाऱ्याले.” मग जे त्यांनी सांगितले, ते आमच्या घरात पूर्वी कोणी ऐकलेले नव्हते, बाबांनीदेखील नाही, ते तेव्हा फार लहान होते. आत्याबाईंना पहिला मुलगा झाला होता. थंडीचेच दिवस होते. सासूने खोली चिंध्या लावून बंद केली होती आणि बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवली होती. पाचव्या दिवशी दुपारी त्यांचे डोके फार दुखू लागले, म्हणून त्या उठून बाहेर रांजणावर पाणी प्यायला गेल्या. बाहेर गार वाटले, म्हणून क्षणभर बसल्या. परत आल्या तेव्हा लेकरू गेले होते. “गुलाबी दिसे ते. असंच,” त्या म्हणाल्या. “सासू म्हणे, तू दार उघडं टाकून गेली, हवा लागली, तूच मारलं. सोता मरेपरेंत म्हणत राह्यली. अन् मी बी तेच म्हणत राह्यली.”

मी त्यांच्याकडे पाहिले. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या.

“तू शिकली ना,” त्या म्हणाल्या. “सांग मले. दारानं गेलं का ते?”

मी अठरा वर्षांची होते. न पाहिलेल्या एका दुपारचा निवाडा करण्याइतके शहाणपण माझ्यापाशी नव्हते, आणि खरे सांगायचे तर आजही मला पुरती खात्री देता येणार नाही; लहान जीव अनेक कारणांनी जातात. परंतु बंद खोलीत कोळसा काय करतो हे मला ठाऊक होते. डोके दुखणे ठाऊक होते. गुलाबी गाल मी आदल्या दिवशीच पाहिले होते. आणि हेही मला कळत होते, की दाराचा दोष काढून घेतला तर त्या जागी दुसरे काहीतरी येऊन बसेल : त्याला सोबत बाहेर नेले असते तर. ते मी कसे अडवणार होते?

“नाई, आत्याबाई,” मी म्हणाले. “दारानं नाई. खोली बंद होती म्हणून. उघड्या दारानं तुमी वाचल्या.”

बाजेवर ताईचे पाजणे थांबले होते. मग आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला, बराच वेळ तसाच ठेवला आणि काढला.

“आणखी एक डाव सांग,” त्या म्हणाल्या. “पुटपुटू नोको. जोरानं सांग.”

मी उभी राहिले, आणि साऱ्या घराला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितले.